मावशीच्या उंबऱ्यावर

माय मरो पण मावशी उरो, असे आपण म्हणतो खरे. पण या मावशीच्या घरी चार दिवस राहून पाहावे, असे कितीजणांना वाटते? कोकणी वाचायची तर ती शिकावी लागते, हे मलाही पटत नव्हते. लिपी देवनागरी, निम्मे शब्द ओळखीचे. मराठी येणाऱ्याने वेगळी पाटी कशाला घ्यायची? या गुर्मीतच म्हसवडच्या आमच्या घरी, सोप्यात घोंगडी टाकून, मी दामोदर मावजो यांची ‘कार्मेलिन’ ही कादंबरी उघडली आणि पहिल्या काही पानांतच आपटलो.

परकी भाषा अडवते ती सांगून अडवते. बहिणीची भाषा हसतहसत चकवते. कोकणीत ‘हांव’ म्हणजे मी; मला तिथे हाव दिसली. ‘पळय’ म्हणजे पाहा. मी बापडा माणसांना पळवीत सुटलो. ‘म्हाका उदक जाय’ म्हणजे मला पाणी हवे. आम्हां माणदेशी लोकांना मात्र पाण्यापुढे ‘जाय’ आले की ते गेलेच असे वाटते! ‘बरें’ तर फारच फसवे. आपले ‘बरे’ म्हणजे जेमतेम. तिकडचे ‘बरें’ म्हणजे चांगले. न कळलेला शब्द मनुष्य कोशात पाहतो. कळला असे वाटणारा शब्द कोण पाहणार? निम्मी कादंबरी मी अशी चुकीची वाचली.

मग ती मोठ्याने वाचू लागलो आणि वाट सापडली. ‘आयलें’, ‘गेलें’ यांवरचे अनुस्वार जुन्या मराठी पुस्तकांसारखे दिसत होते. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी आपण अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. कोकणीत मात्र ते उच्चारात जिवंत आहेत. ‘बायल’मध्ये तुकोबांची बाईल भेटली, ‘उदक’मध्ये देवघरातली पळी. जे शब्द आपण पोथीत आणि पूजेत बसवले, ते तिकडे अजून चुलीपाशी वावरतात.

आता कादंबरीविषयी. ‘कार्मेलिन’ १९८१ साली प्रसिद्ध झाली आणि १९८३ साली तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. गोव्यातील एक गरीब ख्रिस्ती स्त्री संसार सावरण्यासाठी कुवेतला घरकामाला जाते. मागे राहते तिची ‘धूव’, म्हणजे लेक. मावजो न्यायाधीश होऊन बसत नाहीत, हे त्यांचे मोठेपण. तिने धाडलेल्या पैशांचा हिशेब मांडता येतो. मागे राहिलेल्या पोरीचा येत नाही. एका बाईच्या पदरात दुःखाची रास जरा अधिकच घातली आहे, असे मला वाटले. पण ती बाई रडत बसत नाही, म्हणून ती रास पेलते.

वाचताना मला व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ सालची ‘बनगरवाडी’ आठवत राहिली. तिथे दुष्काळाने आख्खी वस्ती उठते. इथे एकटी बाई उठते. पाऊस पाठ फिरवतो तेव्हा आमच्या भागातील माणसेही अशीच बाहेर पडतात. कार्मेलिन मला परकी राहिली नाही, ती त्यामुळे.

कोकणी ही मराठीची बोलीच, असे म्हणणारे आजही भेटतात. साहित्य अकादमीने १९७५ साली तिला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. निकाल लागला, वाचकाच्या मनातला खटला मात्र चालूच आहे. माझ्या मनात तर तो होताच. शिकायला शहरात गेलो, तेव्हा माझ्या ‘आलतं-गेलतं’ला वर्ग खदखदून हसला होता. ते हसू मला अजून बोचते. आणि तेच हसू ओठांवर घेऊन मी ही कादंबरी उघडली होती! ही माझी चूक ‘कार्मेलिन’ने मला दाखवली. ती कोशाने दाखवली नसती.

वाचकहो, फराळ आटोपला की एखादे कोकणी पुस्तक हाती घ्या. रोज एकच पान, पण मोठ्याने वाचा. आणि जो शब्द फार ओळखीचा वाटेल, त्याच्यापाशीच थोडे थांबा. कोकणीत आभार मानताना ‘देव बरें करूं’ म्हणतात. त्यातले ‘बरें’ आता मला नीट कळते.