हायपो किती टक्के? रूट कॅनालनंतरच्या दुखण्यावरचं संशोधन कसं वाचायचं

दोन शोधनिबंध शेजारी ठेवू. दोन्ही 'इंटरनॅशनल एंडोडॉन्टिक जर्नल'मधले. दोन्हींत खालच्या जबड्यातल्या दाढा, दोन्हींत रुग्णांची रँडम विभागणी, आणि दोन्हींत प्रश्न एकच: रूट कॅनाल करताना कॅनाल धुवायला वापरलेल्या सोडियम हायपोक्लोराइटच्या तीव्रतेमुळे नंतरच्या दुखण्यात फरक पडतो का?

पहिला २०१८ चा, फरझानेह आणि सहकाऱ्यांचा. २.५ टक्के विरुद्ध ५.२५ टक्के. निष्कर्ष: ५.२५ टक्केवाल्या गटात पहिल्या ७२ तासांत दुखणं कमी. दुसरा २०२० चा, मुस्तफा आणि सहकाऱ्यांचा, ३०८ रुग्णांवरचा. १.३ टक्के विरुद्ध ५.२५ टक्के. निष्कर्ष: ५.२५ टक्केवाल्या गटात दुखणं जास्त.

आता सांगा, सिनॉप्सिसच्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या भागात हे दोन कसे लिहाल? आपल्याकडे बहुतेक वेळा असं लिहिलं जातं: "अमुक यांना फरक आढळला, तमुक यांना उलट आढळला, म्हणून अधिक संशोधनाची गरज आहे." आणि मग तिसरा, तसाच अभ्यास सुरू होतो. या सवयीवर माझा आक्षेप आहे. मी दंतवैद्य नाही, जीवरसायनशास्त्राकडून या विषयाकडे बघतो. त्यामुळे कोणतं द्रावण वापरावं हे सांगणं माझं काम नाही. पण पुरावा कसा वाचावा, यावर बोलता येईल.

आधी मूळ गोष्ट

आपण ज्याला दाताची नस म्हणतो, तो पल्प. त्यात रक्तवाहिन्या असतात, चेतातंतू असतात, पेशी असतात. कीड तिथपर्यंत पोचली की सूज येते, आणि पुढे पल्प मरतो. मग दंतवैद्य बारीक फाइल्सने कॅनाल साफ करतात. पण कॅनाल म्हणजे सरळ नळी नव्हे. त्याला फाटे असतात, कोपरे असतात, दोन कॅनालना जोडणाऱ्या चिंचोळ्या फटी असतात. फाइल जिथे पोचत नाही तिथे द्रावणाने काम करायचं असतं.

सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा 'हायपो', हे ब्लीचचंच रसायन. पहिल्या महायुद्धात हेन्री डाकिन यांनी जखमा धुण्यासाठी त्याचं साधारण ०.५ टक्क्याचं द्रावण प्रचारात आणलं. कॅनालमध्ये ०.५ पासून ५.२५ टक्क्यांपर्यंत आणि त्याहूनही तीव्र हायपो वापरतात. तो दोन कामं करतो: जंतू मारतो आणि सेंद्रिय ऊती विरघळवतो. क्लोरहेक्झिडीन जंतू मारतं, पण ऊती विरघळवत नाही. ईडीटीए घासकामात भिंतीवर बसलेला खनिजाचा थर काढतं. म्हणजे ही द्रावणं एकाच कामाचे पर्याय नाहीत, हे पहिल्यांदा लक्षात घ्या.

विरघळवताना हायपो मेलेली ऊती कोणती आणि जिवंत कोणती हे बघत नाही. मुळाच्या टोकाबाहेर गेला तर तिथल्या जिवंत ऊतींनाही तो जाळतो. मोठ्या प्रमाणात गेला तर रुग्णाला तिथल्या तिथे भयंकर कळ येते, गाल सुजतो, काळानिळा पडतो. पण तो अपघात. आपला विषय आहे तो रोजचा: सगळं नीट होऊनही रात्री ठणकणारा दात.

तोच हायपो, दोन वेगळे दात

आता त्या दोन निबंधांकडे परत या आणि 'पद्धती' हा भाग वाचा. पहिल्यातल्या दाढांत पल्प जिवंत होता, पण बरा न होण्याइतका सुजलेला. दुसऱ्यातल्या दाढांत पल्प मेलेला होता. हा फरक तपशिलाचा वाटतो, पण उत्तर बहुधा इथेच आहे.

सुजलेल्या जिवंत पल्पचे तुकडे फटींमध्ये उरले तर ते दुखत राहू शकतात. तिथे तीव्र हायपो अधिक ऊती विरघळवतो, म्हणजे दुखण्याचं एक कारण कमी करतो. मेलेल्या पल्पच्या दातात दुखण्याचं मुख्य ठिकाण कॅनालमध्ये नसतं, मुळाच्या टोकापलीकडे असतं. तिथे आधीच जंतूंविरुद्धची सूज असते, कधी हाड झिजलेलं असतं, मुळाचं टोक रुंदावलेलं असतं. कचरा आणि द्रावण बाहेर ढकललं जाण्याची वाट मोकळी. तिथे तीव्र हायपो म्हणजे आगीत तेल, असं होऊ शकतं.

हे स्पष्टीकरण पटण्यासारखं आहे. म्हणूनच इथे सावध राहायला हवं. दोन अभ्यासांमध्ये फक्त पल्पची अवस्था वेगळी नव्हती. तुलनेची कमी तीव्रताही वेगळी होती, देश, दवाखाने आणि रुग्णही वेगळे. निकाल बघून मागाहून रचलेली गोष्ट म्हणजे गृहीतक, पुरावा नव्हे. ते तपासायचं तर एकाच अभ्यासात दोन्ही प्रकारचे दात घेऊन, दोन्हींत दोन्ही तीव्रता वापरून, पल्पच्या अवस्थेनुसार द्रावणाचा परिणाम खरंच बदलतो का हे आधीच ठरवून मोजावं लागेल. संख्याशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात, आणि त्याला साध्या तुलनेपेक्षा बरेच जास्त रुग्ण लागतात. 'अधिक संशोधनाची गरज आहे' या वाक्याऐवजी सिनॉप्सिसमध्ये हे लिहायला हवं.

दुखणं आपोआपही कमी होतं

२०११ मध्ये पाक आणि व्हाइट यांनी 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपचाराआधी सरासरी ८१ टक्के रुग्णांना दुखत होतं, २४ तासांनी ४० टक्क्यांना, आठवड्याने ११ टक्क्यांना. दुखण्याची तीव्रता १०० पैकी ५४ वरून २४ वर आणि मग ५ वर.

हे आकडे डोक्यात ठेवून या विषयावरचे निबंध वाचा. बऱ्याच ठिकाणी वाक्य सापडतं: "दोन्ही गटांत दुखणं लक्षणीयरीत्या कमी झालं, म्हणून दोन्ही द्रावणं परिणामकारक." अहो, ते कमी होणारच होतं! नसेवरचा दाब गेला, जंतू कमी झाले, चार दिवस उलटले. द्रावणाचं श्रेय ठरवायला 'आधी आणि नंतर' ही तुलना चालत नाही, 'हा गट आणि तो गट' हीच लागते.

आठवड्यानंतर तर दोन्ही गट शून्याजवळ पोचतात, त्यामुळे तिथे फरक दिसणं जवळपास अशक्य. फरक शोधायची खिडकी पहिल्या दोन-तीन दिवसांची. मग ६, १२, २४, ४८, ७२ तास अशा पाच वेळा मोजणी होते, प्रत्येक वेळी वेगळी चाचणी लावली जाते आणि एका ठिकाणी पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेलं की तेच शीर्षकात येतं. मुख्य मोजणी कोणत्या तासाची, हे आधी जाहीर केलेलं होतं का, ते बघा. भारतात यासाठी सीटीआरआय ही नोंदवही आहे. १ एप्रिल २०१८ पासून तिथे अभ्यास सुरू होण्याआधीच नोंदणी करावी लागते. निबंधातली मुख्य मोजणी आणि नोंदणीतली मुख्य मोजणी जुळते का, हे पाच मिनिटांत तपासता येतं.

आणि फरक केवढा? १०० मिलिमीटरच्या वेदनापट्टीवर शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यात साधारण १० चा फरक रुग्णाला जाणवतो, असं मानलं जातं. ४ चा फरक संख्याशास्त्रात 'लक्षणीय' ठरेलही, पण रात्री जागणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही. त्यातही रुग्णाने वेदनाशामक गोळी घेतली असेल तर पट्टीवरचा आकडा गोळीचा, की द्रावणाचा? गोळ्या किती आणि कधी घेतल्या याची नोंद नसेल, तर तो आकडा मी अर्धाच धरतो.

'दाह कमी झाला' म्हणजे काय मोजलं?

दुखणं आणि दाह यांना एकच समजून लिहिण्याची सवय या साहित्यात फार आहे. दुखणं रुग्ण सांगतो, दाह ऊतीत असतो. मुळाच्या टोकाशी जुनाट दाह असूनही दात महिनोन् महिने गप्प असू शकतो. त्यामुळे 'व्हीएएस कमी, म्हणून दाह कमी' हे अनुमान चालत नाही.

काही अभ्यास दाह थेट मोजतात. कॅनालमधून कागदी पॉइंट टोकापर्यंत नेऊन तिथला द्राव टिपतात आणि त्यात इंटरल्यूकिन-८ किंवा सबस्टन्स-पी सारखे रेणू एलायझाने मोजतात. कल्पना चांगली आहे. पण इथे माझ्या विषयातला एक प्रश्न आहे. हायपो हा जोरदार ऑक्सिडीकारक आहे, प्रथिनांची तोडमोड करणं हा त्याचा धर्मच. इंटरल्यूकिनही प्रथिनच. टिपलेल्या द्रावात हायपोचा अंश उरला असेल, तर त्या प्रथिनाचा आकार बिघडेल आणि एलायझातली प्रतिपिंडं त्याला ओळखणार नाहीत. आकडा कमी येईल. दाह कमी झाल्यामुळे, की मोजायची वस्तूच खराब झाल्यामुळे? जंतूंचे नमुने घेताना हायपो निष्क्रिय करायला सोडियम थायोसल्फेट वापरतात. दाहाच्या नमुन्यांत तशी काळजी घेतली का, हे 'पद्धती'त शोधा. नसेल, तर हायपो आणि सेलाइन यांची तुलना सुरुवातीपासूनच हायपोच्या बाजूने झुकलेली आहे.

मग सौम्य द्रावण वापरून मोकळं व्हावं का?

इतकं सोपं नाही. १९६५ मध्ये काकेहाशी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या दातांचे पल्प उघडे केले. जंतूविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांचे पल्प भरून आले, साध्या उंदरांचे सडले. रोगाचं मूळ जंतूंत आहे हे त्यातून ठसलं. तेव्हा रूट कॅनालचं उद्दिष्ट दोन रात्रींची शांतता एवढंच नाही, वर्षानुवर्षं निरोगी राहणारं मूळ हे आहे. दुखणं कमी करायला तीव्रता घटवली आणि जंतूच राहिले, तर सौदा महागात पडेल.

रोहतकच्या एका अभ्यासात (२०१९) १ आणि ५ टक्के हायपोची तुलना केली, तेव्हा वर्षभराने मुळाच्या टोकाशी भरून येण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. दिलासादायक आहे. तरी 'फरक दिसला नाही' आणि 'दोन्ही सारखेच' ही वाक्यं वेगळी. दुसरं म्हणायचं तर किती फरक चालवून घेऊ हे आधी ठरवून तेवढे रुग्ण घ्यावे लागतात.

कॉक्रेनने २०१२ मध्ये या द्रावणांचा आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणारे ११ अभ्यास मिळाले. त्यांपैकी दुखणं आणि सूज यांची वापरण्याजोगी माहिती फक्त दोनांत होती. कोणतंही एक द्रावण श्रेष्ठ आहे असं म्हणण्यापुरता पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर अभ्यास वाढले, पण एमडीएसच्या तीन वर्षांत प्रबंध बसवायचा असल्याने पुष्कळसे छोटेच राहतात. इथे दोष विद्यार्थ्यांचा कमी आणि रचनेचा जास्त आहे. पाच कॉलेजांनी एकच प्रोटोकॉल ठरवून रुग्ण एकत्र केले, तर त्याच मेहनतीतून एक उत्तर मिळेल. आज मिळतात ती पाच 'अधिक संशोधनाची गरज आहे'.

या विषयावर काम करायचं असेल तर गाईडकडे जाण्याआधी चार ओळी लिहून न्या: कोणत्या अवस्थेतला दात, कोणत्या तासाचं दुखणं, किती फरक रुग्णाला जाणवेल, आणि गोळ्यांचा हिशेब कसा ठेवणार. द्रावणाचं नाव आणि टक्केवारी पाचव्या ओळीत. या चार ओळी लिहिता आल्या नाहीत, तर रुग्णांना संमतिपत्रावर सही करायला सांगण्याची वेळ अजून आलेली नाही.