दिवाळीची सुटी व रंजनाची निवड

दिवाळी जवळ आली म्हणजे सुटीत काय वाचावे, काय पाहावे, काय ऐकावे, अशी विचारपूस घरोघर सुरू होते. पुस्तकांच्या दुकानांत दिवाळी अंकांच्या राशी लागतात, नाट्यप्रयोगांच्या जाहिराती वाढतात, पहाटेच्या गाण्यांची निमंत्रणे येतात. साधनांची वाण नाही. वाण आहे ती निवडीची. ही निवड करताना कृती चांगली की वाईट, एवढे पाहून भागत नाही. ती घरात कोणाकोणाच्या वाट्यास येणार, हेही पाहिले पाहिजे. कारण सुटी सर्वांस सारखी नसते. कचेरी बंद होते, शाळा बंद होते; चूल मात्र ह्याच दिवसांत अधिक पेटते. बाहेर कोणी अंकाची पाने उलटीत असता आत चकल्यांचे घाण्यामागून घाणे निघत असतात.

आमच्या नियतकालिकांच्या आद्य प्रवर्तकांस घरातील ह्या दुसऱ्या बाजूचे विस्मरण झाले नव्हते. हरिभाऊ आपटे ह्यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले, त्याचे नावच मुळी 'करमणूक'. आणि त्या करमणुकीत त्यांनी क्रमशः दिले काय, तर 'पण लक्षात कोण घेतो?' ही एका स्त्रीने स्वतःच्या तोंडून सांगितलेली दुःखकथा! रंजन म्हणजे दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले. पुढे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाशेजारी साहित्याचेही ताट मांडले जाऊ लागले. शतकाहून अधिक काळ ही प्रथा टिकली, ही मराठी समाजास भूषणावह गोष्ट होय.

तथापि प्रथेचे कौतुक वेगळे व अंकाचे परीक्षण वेगळे. पुष्कळ अंकांत जाहिराती व राशिभविष्य वजा जाता वाचनीय असे थोडेच उरते. तेव्हा अंकांची चळत घरी आणण्यापेक्षा एक किंवा दोनच आणावे, आणि विकत घेण्यापूर्वी त्यांतील एखादे पान मनातल्या मनात पण मोठ्याने वाचल्यासारखे वाचून पाहावे. काही कविता व काही निबंध एकांतातच उमलतात, हे आम्हांस मान्य आहे. पण सणाच्या दिवसांत चार माणसांनी मिळून ऐकावयाची कथा ह्या कसोटीस उतरलीच पाहिजे.

नाटकांत आमची पहिली पसंती आजही अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्र' ह्यास आहे. १८८२ सालचे हे नाटक केवळ पदांच्या गोडीवर जगले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यातील खरी गंमत घरगुती आहे. थोरला भाऊ बहिणीचे लग्न आपल्या मनाप्रमाणे ठरवितो, तिचे मन दुसरीकडे गुंतलेले असते, आणि धाकटा भाऊ हसतहसत सर्वांस आपल्या डावात गुंतवितो. बलराम, सुभद्रा व कृष्ण ही नावे पुराणांतील खरी. पण हे घर कोणत्याही प्रेक्षकास ओळखीचे वाटते. म्हणूनच वेळ वाचविण्यासाठी संवाद छाटून पदेच तेवढी ठेवली म्हणजे मैफल उरते, नाटक जाते. प्रयोगास जाणाऱ्यांनी संवाद राखणारा प्रयोग निवडावा.

पुस्तकांत एकच सुचवावयाचे झाल्यास आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' सुचवू. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र पुन्हा पुन्हा वाचावे असेच आहे. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, पतीचा लहरी स्वभाव, १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, असे कोणासही कडवट करून सोडणारे प्रसंग बाई सांगतात. पण त्यांच्या हसण्यात कडवटपणा येत नाही, आणि त्या हसण्याआड दुःखही लपत नाही. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या ह्या लेखिकेचे वाक्य बोलण्यातून आले आहे. म्हणून ते कानास लगेच पटते. मुले प्रसंगांना हसतील, वडीलधारी माणसे मध्येच गप्प होतील. एकाच पानाने दोघांस दोन गोष्टी द्याव्या, ह्याहून घरगुती वाचनाचे मोठे यश कोणते?

राहता राहिला आरंभीचा प्रश्न. 'स्मृतिचित्रे' ओसरीवर वाचावयाची आणि ज्या संसाराची ती कथा, तो संसार ओढणारीने आत कढईपाशी उभे राहावयाचे, हे काही त्या पुस्तकाचे वाचन नव्हे. वाचणाराने निदान स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसावे. त्याहून बरे म्हणजे, झारा आपण हाती घ्यावा आणि पुस्तक तिच्या हाती द्यावे. एखाददुसरी चकली करपेल. पण सुटी खऱ्या अर्थाने घरात येईल.