रिकामी कॅप्सूल, भरलेली कॅप्सूल

ख्रिस बेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘बिगर, स्ट्राँगर, फास्टर’ हा अमेरिकन अनुबोधपट २००८ साली प्रदर्शित झाला. त्याचा विषय आहे ॲनाबॉलिक स्टेरॉइडे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातील, स्नायू वाढवणारी संप्रेरके. शीर्षकाच्या शेवटी एक तारका आहे आणि तिची तळटीप सांगते : अमेरिकन असण्याचे दुष्परिणाम. शरीर कमावण्याची हौस आणि तिच्याबरोबर पावडरींचे डबे आता आपल्याही विद्यार्थ्यांपर्यंत पोचले आहेत. त्यामुळे शिक्षकांनी हा चित्रपट जरूर पाहावा. मात्र त्यात काय आहे याबरोबरच कशावर भर दिलेला नाही, हेही ध्यानात घ्यावे.

हल्क होगन, स्टॅलोन आणि श्वार्झनेगर हे बेल व त्यांच्या दोन भावांचे लहानपणचे आदर्श. दोन्ही भाऊ स्टेरॉइडे घेतात. बेल यांनीही घेऊन पाहिली आणि सोडली. त्यामुळे चित्रपटाला उपदेशाचा सूर नाही. घरातल्या माणसांशी बोलत बोलत दिग्दर्शक एका अवघड प्रश्नाकडे येतो. वैमानिकांना जागे राहण्यासाठी गोळ्या दिलेल्या चालतात, वादकाने हाताचा कंप थांबवणारे औषध घेतलेले चालते, मग खेळाडूनेच काय पाप केले? प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे तयार उत्तर चित्रपट देत नाही, हे आम्हांला आवडले.

परंतु या तुलनेत एक गोष्ट गृहीत धरली आहे. वैमानिक असो वा वादक, आपण काय घेतो आहोत हे त्याला ठाऊक असते. पूरक आहाराच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही.

चित्रपटातील सर्वांत परिणामकारक प्रसंग पूरक आहाराचाच आहे. बेल स्वतःच असा माल तयार करायला बसतात. रोजंदारीवरच्या मजुरांकडून तांदळाचे पीठ मिसळलेली भुकटी कॅप्सुलांत भरून घेतात. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे एकाच दिवशी काढतात. अमेरिकेच्या १९९४ च्या कायद्यानुसार असा माल विकण्यापूर्वी तो सुरक्षित आणि गुणकारी असल्याचा पुरावा सर्वसाधारणपणे सरकारपुढे ठेवावा लागत नाही. प्रेक्षक हसतो आणि एक धडा घेऊन जातो, की या कॅप्सुला म्हणजे महागडे पीठ.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. रिकाम्या कॅप्सुलेने खिसा रिकामा होतो. खरा धोका आहे तो भरलेल्या कॅप्सुलेचा, म्हणजे लेबलावर नसलेले काहीतरी आत असण्याचा. आणि याचा पुरावा चित्रपट येण्यापूर्वीच उपलब्ध होता. जर्मनीतील कोलोन येथील उत्तेजकचाचणी प्रयोगशाळेने २०००-२००१ मध्ये १३ देशांतून ६३४ पूरक आहार विकत घेऊन तपासले. त्यांच्या लेबलांवर संप्रेरकांचा उल्लेख नव्हता. तरीही ९४ नमुन्यांत, म्हणजे सुमारे १५ टक्क्यांत, स्टेरॉइडे किंवा शरीरात गेल्यावर ज्यांची स्टेरॉइडे बनतात असे पदार्थ निघाले. असे पदार्थ उघडपणे विकणाऱ्या कंपन्यांच्या इतर मालात हे प्रमाण २१.१ टक्के होते, तर न विकणाऱ्यांच्या मालात ९.६ टक्के. हा फरक बोलका आहे. एकाच यंत्रावर आधी संप्रेरके आणि मग जीवनसत्त्वे भरली, मध्ये यंत्र नीट धुतले नाही, तर काय होईल हे सांगायला नको.

किती अंश पुरेसा असतो? याच अभ्यासात दिसले, की नँड्रोलोनच्या कुळातील असे पदार्थ एकूण १ मायक्रोग्रॅमहून अधिक पोटात गेले, तर त्यानंतरचे काही तास मूत्राची चाचणी सदोष येऊ शकते. ५ ग्रॅम भुकटीत १ मायक्रोग्रॅम म्हणजे ५० लाखांत एक भाग. एवढ्याने स्नायू तर वाढत नाहीत, पण कारकीर्द मात्र संपू शकते.

इतके अल्प प्रमाण ओळखतात कसे? नमुन्यातील घटक प्रथम वायुवर्णलेखनाने वेगळे करतात आणि मग वस्तुमान वर्णपटमापीत त्यांचे रेणू फोडतात. प्रत्येक रेणूचे तुकडे ठरावीक वजनांचे आणि ठरावीक प्रमाणात पडतात. तेच त्याच्या बोटांचे ठसे. अडचण अशी, की ठसे जुळवायला आधी ते दप्तरी हवेत. टेट्राहायड्रोजेस्ट्रिनोन हे स्टेरॉइड मुद्दाम दडवण्यासाठी वापरले गेले; नेहमीच्या वायुवर्णलेखन पद्धतीत ते विघटन पावून निसटत असे. २००३ मध्ये एका प्रशिक्षकाने त्याचा अंश असलेली सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली, तेव्हा कुठे डॉन कॅटलिन यांच्या लॉस एंजेलिसमधील प्रयोगशाळेला त्याची ओळख पटवता आली. तेव्हा ‘काही सापडले नाही’ या अहवालाचा अर्थ एवढाच, की या नमुन्यात, या पद्धतीने, शोधलेल्यांपैकी काही सापडले नाही. दुसऱ्या डब्याची हमी त्यातून मिळत नाही.

रसायनशास्त्राची दुसरी मर्यादा अधिक क्लेशकारक आहे. मूत्रात काय आहे ते यंत्र सांगते; ते आत कसे आले, हे बहुधा सांगू शकत नाही. २०११ मध्ये भारताच्या काही महिला रिले धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइडे सापडली. प्रशिक्षकाने चीनहून आणलेल्या जिनसेंगच्या कॅप्सुलांत भेसळ होती, असे त्यांचे म्हणणे होते. देशातील समितीने एक वर्षाची बंदी घातली. आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियमाचा पाया आहे. तो कठोर वाटतो. पण ‘मला ठाऊक नव्हते’ एवढ्यावर सुटका होऊ लागली, तर चाचणीलाच अर्थ राहणार नाही. म्हणूनच डबा उघडण्यापूर्वीचे शहाणपण मोलाचे.

‘बिगर, स्ट्राँगर, फास्टर’ जिंकण्याच्या हव्यासाचे चित्र उत्तम काढतो. बाटलीतल्या अज्ञाताचे मात्र अर्धेच. वरच्या वर्गांना दाखवायचा झाल्यास शिक्षकांनी तो आधी स्वतः पाहावा, मग कॅप्सूल भरण्याचा भाग निवडावा. मुले हसून झाली, की त्यांना विचारावे : यात पीठच आहे हे आपल्याला कसे कळले? भरणाऱ्याने सांगितले म्हणून. आणि त्याने सांगितले नसते तर? राहिलेला अर्धा चित्रपट तिथून वर्गातच सुरू होईल.