शेजाराचा ताळेबंद

माणसाला काम करायला काय लागतं? आमच्या बँकेचं म्हणाल तर एक टेबल, एक खुर्ची, एक शिक्का आणि "अहो, मी कधीचा उभा आहे" म्हणणारा एक खातेदार. प्रोग्रॅमर आणि डिझायनर मंडळींना यातलं काहीच लागत नाही. मांडीवर लॅपटॉप उघडला की झालं ऑफिस. पण नोकरी सोडून घरी बसलेल्या माणसाला महिन्याभरात पहिली आठवण येते पगाराची आणि दुसरी शेजारच्या टेबलावरच्या कुलकर्ण्यांची. हे कुलकर्णी पुरवण्याच्या सोयीला 'को-वर्किंग' म्हणतात.

हिचा जन्म मोठा सात्त्विक. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरला नोकरीतला शेजार हवा होता, नोकरी नको होती. त्याने २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातून दोन दिवस एका जागेत टेबलं मांडली. पहिला महिनाभर कोणी फिरकलं नाही! तरी गृहस्थाने कल्पनेवर हक्क सांगितला नाही. ज्याला हवी त्याने उचलावी, म्हणाला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये अमित गुप्ता आणि ल्यूक क्रॉफर्ड यांनी राहत्या घराचं दार उघडलं. या, बसा, काम करा, फुकट. त्याचं नाव 'जेली'. सॅन फ्रान्सिस्कोतलं २००७चं 'नॉइझब्रिज' तर सभासद नसलेल्यालाही आत घेतं. मुख्य नियम एकच : एकमेकांशी उत्तम वागा. (हा नियम आमच्या शाखेत लावला तर निम्मा स्टाफ रजेवर जाईल.)

आता मी पडलो कॉमर्सचा. आमच्या शास्त्रात 'फुकट' नावाचं खातं नसतं. खर्च कोणाच्या तरी नावे पडतोच. जेलीत तो यजमानाच्या नावे पडला, नॉइझब्रिजमध्ये वर्गणीदार आणि देणगीदारांच्या. पण तो उघड पडला, म्हणून व्यवहार स्वच्छ. फुकट जागेत कपबशा कोण धुणार, असा आक्षेप लोक घेतात. तो खराच आहे. यजमानाचे हात दुखले की जागा बंद पडते. पण कपबशीचं भांडण निदान कपबशीबद्दल असतं.

माझा खरा आक्षेप आहे तो शेजार विकणाऱ्यांवर. २०१० साली न्यूयॉर्कमध्ये 'वीवर्क' निघाली. मोठी जागा लांब मुदतीने भाड्याने घ्यायची आणि टेबलं महिन्याच्या बोलीवर द्यायची. आपण याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतो, ते त्याला 'कम्युनिटी' म्हणाले. २०१७ साली कंपनीचा तोटा होता ९३.३ कोटी डॉलर. पुढच्या वर्षी रोखे विकताना तिने एक नवाच आकडा मांडला : 'कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा'. व्याज, कर, घसारा वगळणं आम्हीही समजू शकतो. यांनी जाहिरात, कारभारखर्च, नव्या जागा उभारण्याचा खर्च, सगळंच वगळलं आणि २३.३ कोटींची शिल्लक काढून दाखवली! आमच्या बंड्याने गणित आणि इंग्रजी वगळून पहिला वर्ग आणावा, तसं.

जानेवारी २०१९मध्ये या कंपनीची किंमत ४,७०० कोटी डॉलर धरली होती. सप्टेंबरात शेअरविक्री गुंडाळावी लागली. नोव्हेंबर २०२३मध्ये दिवाळखोरीचा अर्ज गेला. पुढच्या वर्षी बरंचसं कर्ज झटकून ती सावरली, हेही नोंदवून ठेवतो. ताळेबंदात दोन्ही बाजू लिहायच्या असतात.

टेबलाचं भाडं घ्यायला माझी ना नाही. जागा, वीज, चहा, सगळ्याला पैसे पडतात. पण एकट्याने काम करणारा पोरगा रात्रभर अडलेला असतो आणि सकाळी शेजाऱ्याला विचारतो, "हे असं का होतंय रे?" शेजारी आपलं काम बाजूला ठेवून खुर्ची सरकवतो. त्याचं बिल कसं करणार? विचारणारा उद्या दुसऱ्या कोणासाठी खुर्ची सरकवील, एवढंच त्याचं तारण.

म्हणून फुकट बसणाऱ्यांना माझी एकच विनंती : आपला खर्च कोणाच्या नावे पडतोय ते विचारा आणि उठताना कप धुवा. आणि जागा चालवणाऱ्यांनो, टेबलाची पावती खुशाल फाडा, शेजार मात्र नफ्यात दाखवू नका.