चौकटीबाहेरचा प्रेक्षक

एखाद्या चलच्चित्राची स्तुति करावयाची झाली म्हणजे ‘अगदीं तेथेंच असल्यासारखें वाटलें’ असें म्हणण्याचा प्रघात आहे. अलीकडे थीम पार्कांतून डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी वास्तवाचे जे खेळ दाखवितात, त्यांनीं ही आलंकारिक स्तुति अक्षरशः खरी करण्याचा विडा उचलला आहे. त्यांच्या यशानें दिपून गेलेले कित्येक तरुण व्हिडिओकार ‘असल्यासारखें’ यांतील ‘सारखें’ गाळून टाकणें हीच कलेची परमावधि मानूं लागले आहेत. प्रस्तुत लेखकास हा भ्रम वाटतो.

ही हौस नवी आहे असें मात्र कोणी समजूं नये. जॉर्ज हेल नांवाच्या, कॅन्सस सिटीच्या अग्निशामक दलाच्या एका माजी प्रमुखानें १९०४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनांत आगगाडीच्या डब्यासारखें एक चित्रगृह मांडलें. समोर पडद्यावर धांवत्या इंजिनाच्या अग्रभागावरून घेतलेलीं दृश्यें, खालीं हलणारा डबा, कानांत चाकांचा खडखडाट! नुसत्या रुळांस प्रेक्षक विटूं लागतांच त्या दृश्यांत विनोदी प्रसंग व दरोडे घालण्यांत आले. प्रवासास कथेची गरज लागली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडांतील आल्टन टॉवर्स येथें २०१६ सालीं ‘गॅलॅक्टिका’ नांवाच्या रोलर कोस्टरवर स्वारांस हेडसेट लावून अंतराळांतून फिरवून आणण्याची योजना झाली. गाडी २००२ सालची, जुनीच. आकाश तेवढें नवें. यांतील युक्ति खरोखर चतुर आहे. पोटांत पडणारा गोळा खरा, कानांत घुसणारा वारा खरा, डोळ्यांपुढील विश्व तेवढें खोटें. आणि शरीरच साक्ष देत असल्यामुळें मन त्या खोट्याची उलटतपासणी करीत नाहीं. नटास जें अभिनयानें साधावें लागतें, तें येथें गुरुत्वाकर्षण फुकट करून देतें. कांहीं वर्षांतच ते हेडसेट काढून टाकण्यांत आले, व गाडी पूर्वीप्रमाणें उघड्या आकाशाखालीं धांवूं लागली.

हें गुरुत्वाकर्षण व्हिडिओकाराच्या पदरीं नसतें. त्याचा प्रेक्षक घरीं खुर्चींत बसलेला. त्याच्यापाशीं भांडवल एकच, निवड. काय दाखवावें, काय झांकावें, कोठें तोडावें, हें ठरविणारी चौकट म्हणजे त्याची लेखणी. मार्च २०१५ मध्यें यूट्यूबनें सर्व दिशांनीं पाहतां येणाऱ्या व्हिडिओंस थारा दिला, आणि ही लेखणीच हातांतून सुटली. कॅमेऱ्यामागें उभें राहावें तर मागची बाजूच उरली नाहीं. कॅमेरा हलवावा तर पाहणाऱ्यास मळमळतें. झपाट्यानें दृश्य बदलावें तर आपण कोठें आहोंत हेंच त्यास उमगत नाहीं. (प्रस्तुत लेखकाचा पहिला प्रयोग तर चष्मा व हेडसेट यांचें भांडण सोडविण्यांतच संपला.) आणि एवढें करून प्रेक्षक पाहतो काय? यूट्यूबनेंच २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणाप्रमाणें, तो आपला तीन चतुर्थांश वेळ समोरच्या नव्वद अंशांतच घालवितो! त्याच वर्षीं १८० अंशांच्या, म्हणजे अर्ध्याच वर्तुळाच्या चित्रणाचा नवा प्रकार पुढें आला. घालवून दिलेली चौकट मागच्या दारानें परत आली ती अशी.

कै. नरसिंह चिंतामण केळकर यांनीं १९२१ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेंत शिरतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाहीं, आणि या दुहेरी वास्तव्यांतच वाङ्मयाचा आनंद आहे, असा तिचा आशय. थीम पार्कास ही समाधि निर्विकल्प हवी असते. स्वार किंचाळला म्हणजे त्यांचें काम झालें, आणि त्यांत त्यांचें कांहीं चुकत नाहीं; तिकीट किंचाळण्याचेंच असतें. परंतु कपाळास कॅमेरा बांधून अर्धा अर्धा तास अखंड चित्रण आपल्यापुढें ओतणारा व्हिडिओकार जेव्हां तेंच ध्येय धरतो, तेव्हां तो आपलें स्वत्व सोडतो व बदल्यांत त्यास किंकाळीहि मिळत नाहीं.

मग हें माध्यमच वंध्य आहे काय? तसें म्हणवत नाहीं, कारण इन्यारितू या मेक्सिकन दिग्दर्शकाची ‘कार्ने इ आरेना’ ही कृति आड येते. २०१७ सालीं कान महोत्सवांत ती दाखविली गेली व त्याच वर्षीं तिला विशेष ऑस्कर मिळालें. प्रेक्षक एकटा, अनवाणी, खऱ्या वाळूंत उभा; भोंवतीं सरहद्द ओलांडून अमेरिकेंत शिरूं पाहणारीं दीन माणसें, वर हेलिकॉप्टर, समोर रोखलेल्या बंदुका. इथवर थीम पार्काचीच सामग्री. परंतु त्यांतील एखाद्या माणसाच्या अंगांतून पलीकडे जाऊं लागावें तों त्याच्या छातींतील धडधडणारें हृदय दिसूं लागतें. वास्तवांत असें कधीं घडत नाहीं. दिग्दर्शकानें भ्रम तेथें हेतुपुरस्सर फोडला आहे. साडेसहा मिनिटांनीं हेडसेट उतरतो, आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर भिंतींत बसविलेल्या लहान लहान चौकटींतून त्याच माणसांचे खरे चेहरे, शेजारीं त्यांची हकीकत लिहिलेली, आपणांकडे पाहत असतात. तेथें प्रेक्षकास थांबून वाचावें लागतें.