'तडीपार'मधली न बोलणारी पोरगी

२०२०. लॉकडाऊनमध्ये ऑफिसचा लॅपटॉप घेऊन पुण्याहून यवतमाळला घरी आलो होतो. रात्री कोड लिहिताना कानात एमसी स्टॅनचा त्याच वर्षी आलेला 'तडीपार' असायचा. एकदा ब्लूटूथ तुटलं आणि गाणं मोबाईलच्या स्पीकरवर वाजायला लागलं. समोर धाकटी बहीण अभ्यास करत बसलेली. मी धडपडत फोन बंद केला. ती शिव्यांनी दचकली नव्हती. त्याहून भारी शिव्या आमच्या बस स्टँडवर ऐकू येतात. तिने एवढंच विचारलं, "दादा, याच्या गाण्यातली पोरगी कधीच काहून बोलत नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. या अल्बमबद्दल माझी आजही दोन मतं आहेत.

पहिलं मत फॅनचं. तडीपार हा शब्द आपण पेपरात वाचतो: अमुक गुंड जिल्ह्यातून तडीपार. महाराष्ट्राच्या पोलीस कायद्याने माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर ठेवता येतं. पुण्याच्या वस्तीतल्या विशीच्या पोराने हा सरकारी शिक्का उचलला आणि आपल्या अल्बमवर मारला. भाषा हिंदी, पण पुण्याच्या गल्लीतली. आपली 'शेंबडी' त्याच्या तोंडी 'शेमडी' झाली आणि पुढे 'बिग बॉस'मार्गे देशभर गेली. बीट जड, त्यावर त्याचा बेफिकीर आवाज. फुशारकी चालू असताना मधेच पैशाची चणचण, दोस्तांचा दगा डोकावतो. फुशारकीमागची भीती ऐकू येते, तेव्हा हा अल्बम मला खरा वाटतो.

दुसरं मत बहिणीच्या प्रश्नातून आलं. शिव्यांचा विषय निघाला की आम्ही फॅन लोक नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' पुढे करतो. त्यातही शिव्या आहेत, त्याला मानता ना? मानतो. पण 'गोलपिठा'तली शिवी कामाठीपुऱ्यातल्या माणसांना चिरडणाऱ्या व्यवस्थेवर उलटते. इथे समोरच्याला खाली दाखवायचं म्हणून ती बाईवर जाते. पोरगी एक तर दगा देणारी, नाही तर मिरवायची वस्तू. 'वस्तीचं वास्तव आहे भाऊ' म्हणून हे खपत नाही. त्याच वस्तीत बायकाही राहतात.

मग बंदी घालायची? मार्च २०२३मध्ये इंदूरला बजरंग दलाच्या कार्यकर्त्यांनी स्टॅनचा शो बंद पाडला. कारण सांगितलं ते हेच, शिव्या आणि बायकांचा अपमान. पुढच्याच महिन्यात राज मुंगसेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याने '५० खोक्यां'वर मराठी रॅप केला होता. एक रॅपर बाईला खाली ढकलतो, दुसरा सत्तेला प्रश्न विचारतो, तरी गप्प दोघांनाही करायचं असतं. स्टॅनचा शो बंद पडल्यावर मी खूश झालो असतो, तर मुंगसेसाठी कुठल्या तोंडाने बोललो असतो?

पण बंदी नको म्हणणाऱ्यावर एक काम येतं: आवडत्या गाण्यावर टीका करायचं. आम्ही फॅन ते टाळतो. कुणी बोललं की 'हेटर' म्हणून मोकळे होतो. मग बाईच्या सन्मानाचा विषय आयताच झुंडीच्या हातात जातो.

मी 'तडीपार' अजून ऐकतो. आधी घरात कुणी असलं की काही ओळी पुढे ढकलायचो. आता ढकलत नाही. बहीण समोर असली तर गाणं थांबवून तिला विचारतो, "बोल, काय वाटलं?" ती बोलते. बऱ्याचदा गाण्याहून जास्त वेळ.