‘इं.’ या खुणेची अपुरी साक्ष
(यवतमाळकडील काही आंग्ल शब्दांच्या निमित्ताने)

मराठीत आलेला शब्द इंग्रजी असल्यास त्यापुढे कंसात ‘इं.’ अशी खूण करावयाची आणि फार तर मूळ शब्द द्यावयाचा, अशी आपल्या कोशांची चाल आहे. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’तही (१९३२–३८) सामान्यतः हीच पद्धत दिसते. शब्द कोठून आला हे ती खूण सांगते. केव्हा आला आणि येते वेळी मूळ भाषेत त्याचा अर्थ काय होता, याविषयी ती मौन पाळते. संस्कृत आणि प्राकृत यांच्या बाबतीत शतकाशतकाचा हिशेब ठेवणारा अभ्यासक इंग्रजी मात्र एकाच दिवशी घडून आलेली भाषा समजतो, ही चमत्कारिक गोष्ट आहे. याचा परिणाम असा होतो की, बोलीतील आंग्ल शब्द आजच्या इंग्रजीशी ताडून पाहिला जातो आणि तो जुळला नाही की त्यावर ‘अपभ्रष्ट’ असा शिक्का बसतो. पुष्कळदा भ्रष्ट झालेले काहीच नसते. इंग्रजांनी टाकून दिलेला अर्थ आपल्याकडे शिल्लक राहिलेला असतो.

यवतमाळ जिल्हा या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली आले ते १८५३ मध्ये. हा जिल्हा १८६४ मध्ये निराळा झाला आणि पूर्वीचे ‘वूण’ हे नाव जाऊन ‘यवतमाळ’ हे नाव मिळाले ते १९०५ मध्ये. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) येथील कापसाला भाव आणला आणि १८६७ मध्ये आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. तेव्हा येथल्या व्यापारी शब्दांचा थर मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील धरावयास हरकत नाही.

त्या थरातील सर्वांत बोलका शब्द ‘जीन’. सरकी काढण्याचे यंत्र हा त्याचा एक अर्थ. परंतु ‘कापूस जीनमध्ये नेला’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्याला सबंध कारखाना, त्याचे आवार, काटा, सारेच अभिप्रेत असते. हा विस्तार मराठीने अज्ञानाने केला, असे सहज वाटेल. पण अमेरिकेच्या दक्षिणेतील कापूस-प्रदेशातही ‘जिन’ म्हणजे कारखाना असा अर्थ रूढ आहे. मूळ शब्द तर त्याहून जुना. जुन्या फ्रेंचमधील ‘आँजँ’ म्हणजे बुद्धिचातुर्य, युक्ती. त्याचेच तुटके रूप मध्ययुगीन इंग्रजीत ‘जिन’ होऊन युक्तीने केलेले साधन किंवा सापळा या अर्थी वावरत होते. ‘एंजिन’ हा त्याचाच पूर्णरूप भाऊ. व्हिटनीने १७९४ मध्ये आपल्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा हे नाव त्याला तयारच मिळाले. आज सामान्य इंग्रजी वाचकाला ‘जिन’ म्हटले की मद्य आठवते, आणि ते मद्य या कुळातील नव्हेच. त्याचे नाते जुनिपरशी आहे. मराठीत फारसीतून आलेले खोगिराचे ‘जीन’ आणखी निराळे. अशा शब्दापुढे नुसते ‘इं.’ लिहून काय साधते?

‘चिमणी’चेही असेच. दिव्यावरची काच या अर्थी इंग्रजीत हा शब्द दिव्यांबरोबरच मागे पडला. मराठीत तो काचेवरून दिव्यावर उतरला आणि काच नसलेल्या पत्र्याच्या दिव्यालाही लागू झाला. पाखराच्या नावाशी त्याची गाठ कोशात तरी पडू नये. ‘मोटार’, ‘कंपाउंडर’ हे शब्दही इंग्लंडात आता आजोबांच्या पिढीचे झाले आहेत. ‘टॉकीज’ हा बोलपटाला मिळालेला शब्द १९२७ नंतर गाजला आणि मूकपट संपताच निरुपयोगी ठरला. आपल्याकडे ‘आलम आरा’ने (१९३१) तो आणला आणि चित्रगृहाच्या पाटीवर तो कायमचा बसला.

तथापि प्रत्येक अर्थभेदाला जुन्या इंग्रजीचा आश्रय देणे ही उलट बाजूची चूक होईल. चहाच्या दुकानाला ‘हॉटेल’ म्हणणे ही आपलीच करणी आहे. तिला आंग्ल पूर्वज शोधू नये. निर्णय करावयाचा तर कालनिर्देशासह उदाहरणे हवीत, आणि नेमकी तीच आपल्याकडे नाहीत. यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) पाहावा. आपली ‘खंडी’ इंग्रजीत ‘कँडी’ कशी झाली, हे त्यांनी दिनांकित उताऱ्यांनिशी दाखविले आहे. ७८४ पौंडांची ती कँडी, म्हणजे सुमारे ३५६ किलो, रुईच्या भावात आजही चालते. परक्यांनी आपल्या शब्दाची ठेवलेली ही नोंदवही आपण त्यांच्या शब्दांसाठी ठेवलेली नाही. बाजार समित्यांची दप्तरे, जुने करारनामे, जीनांच्या हिशेबवह्या आणि वऱ्हाडातील जुनी वृत्तपत्रे यांतून ती अद्याप भरता येईल. मात्र कागद टिकून आहेत तोवरच.